सीआरपी वाढला म्हणून तीन महिने हळद पीत बसलो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत शरीरातल्या सुजेवर अर्धं पान आलं होतं. त्यात सीआरपी नावाच्या, अंगात सूज असली की आकडा वाढणाऱ्या रक्ताच्या टेस्टबद्दल लिहिलंय आणि खाली चौकटीत सूज कमी करायचे घरगुती उपाय, पहिला नंबर अर्थातच हळदीचा. मी स्वतः सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या आडत दुकानात बावीस वर्षं दिवाणजी आहे, त्यामुळं हळदीविरुद्ध बोलून स्वतःच्याच पोटावर पाय द्यायची मला काही हौस नाही. पण त्या अख्ख्या अर्ध्या पानात घोरण्याचा एक शब्द नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं तर कापा, फक्त शेवटचं गळ्याच्या मापाचं तेवढं ठेवा.

मागच्या वर्षी जानेवारीत, सौद्यांचा सीझन सुरू व्हायच्या आधी, मुलानं माझं फुल बॉडी चेकअप करून घेतलं. घरी येऊन रक्त घेऊन गेले, संध्याकाळी मोबाईलवर अठरा पानांचा रिपोर्ट. त्यात दोन गोष्टी लाल अक्षरात. एक हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी ६.२ (मिलीग्रॅम पर लिटर) आणि दुसरं हिमोग्लोबिन १७.६. हिमोग्लोबिनबद्दल तर सगळ्यांनी अभिनंदन केलं, दुकानातले हमाल म्हणाले दिवाणजी तुमच्या अंगात लै रगात हाय, आमाला द्या थोडं. मलाही बरं वाटलं, आमच्या घरात सगळ्या बायकांचं हिमोग्लोबिन नऊ-दहा आणि मी एकटा सतरावर. सीआरपीचं मात्र टेन्शन आलं कारण गुगल केलं तर पहिल्याच ओळीत हार्ट ॲटॅक.

मग सुरू झाल्या चकरा. एका ठिकाणी सांगितलं कुठंतरी इन्फेक्शन असणार आणि पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या, कशाचं इन्फेक्शन ते काही सांगितलं नाही. दाताच्या डॉक्टरकडं गेलो, हिरड्यांमुळंही वाढतो म्हणतात आणि ते खरंही आहे, तर दात साफ करून घेतले. संधिवाताच्या टेस्ट केल्या, निगेटिव्ह. एका लॅबनं रिपोर्ट मिलीग्रॅम पर डेसीलिटरमध्ये दिला तर ०.६ आला, मी खूश, पेढे आणायचेच बाकी होते, नंतर कळलं की युनिट वेगळं आहे, दहानं गुणायचं, म्हणजे परत ६ च. वाचकांनी हे लक्षात ठेवावं, दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवताना आधी युनिट बघा. आणखी एक गंमत सांगतो, इन्फ्लमेशनला मराठीत सूज म्हणतात म्हणून मी रोज सकाळी उठून घोट्यावर अंगठा दाबून खड्डा पडतोय का ते बघायचो. ही सूज तसली नव्हेच, ती डोळ्याला दिसत नाही, पण सांगणार कोण.

आणि हळद. यार्डातला प्रत्येक माणूस हळदीचा डॉक्टर. कोणी म्हणे दुधात घ्या, कोणी म्हणे कोमट पाण्यात अनशापोटी, कोणी म्हणे मिरपूड घालून घ्या. हे शेवटचं खोटं नाही, बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये १९९८ साली दाखवलंय की मिऱ्यातल्या पायपरीनमुळं हळदीतला कर्क्युमिन कितीतरी पटीनं जास्त अंगाला लागतो, नाहीतर तो आतड्यातून फारसा पुढं जातच नाही. मी शेठजींकडून खास निवडक राजापुरी मागून घेतली, घरी दळली आणि तीन महिने प्यालो. कप पिवळे झाले, सीआरपी ६.२ चा ५.९.

ह्या सगळ्या काळात आमची मंडळी एकच सांगत होती आणि तिचंच कोणी ऐकत नव्हतं, मी तर नाहीच. ती म्हणायची, “अहो, तुम्ही रात्री घोरता घोरता एकदम गप होताय, छाती हलतीय पण वारा काही जात नाही, मी मोजत बसते वीस, पंचवीस, आणि मग म्हशीनं फुरफुरावं तसं करून परत सुरू. मला झोप लागत नाही, वाटतं हा शेवटचाच.” मी म्हणायचो तुझं काहीतरीच, गाढ झोप लागते मला. गाढ झोप लागणाऱ्या माणसाला दिवसा सौद्याला उभ्या उभ्या डुलकी का येते हा प्रश्न मला पडला नाही. एकदा एका शेतकऱ्याच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, १४ पोत्यांची ४१ पोती लिहिली, तो बिचारा प्रामाणिक म्हणून परत आला. दुसऱ्यांदा मिरज रस्त्यावर गाडी चालवताना डोळा लागला आणि थेट दुभाजकाला घासून गेलो, हेल्मेट होतं म्हणून वाचलो. रात्री तीनदा लघवीला उठायचो, ते मी वयावर ढकललं आणि पॅकेजमध्ये प्रोस्टेटचीही टेस्ट होती म्हणून निर्धास्त होतो. सकाळी डोकं जड, बीपीची गोळी चालू असूनही वरचा आकडा दीडशेच्या खाली येत नव्हता.

मेव्हणीचा मुलगा छातीचा डॉक्टर आहे, मिरजेला असतो. मे महिन्यात एका लग्नात भेटला, मी जेवण झाल्यावर खुर्चीतच झोपलो होतो आणि तो समोर बसून बघत होता म्हणे. जागा झालो तसा म्हणाला, काका उद्या दवाखान्यात या. सीआरपीची फाईल घेऊन गेलो तर त्यानं फाईल उघडलीच नाही, आधी खिशातनं टेप काढून गळ्याचं माप घेतलं, ४३ सेंटिमीटर. मग तोंड उघडायला लावून पडजीभ बघितली. वजन ९४ किलो, उंची साडेपाच फूट. झोपेची टेस्ट घरीच झाली, बोटाला आणि नाकाला वायरी लावून झोपायचं, सकाळी मशीन परत द्यायचं. रिपोर्ट आला, तासाला ३८ वेळा श्वास बंद पडतोय नाहीतर निम्म्यावर येतोय, ऑक्सिजन एकदा तर ७१ टक्क्यांपर्यंत खाली गेला होता. कोरोनात ९४ च्या खाली आलं की आपण गाडी काढून बेड शोधत फिरत होतो, आणि मी रोज रात्री ७१ बघत होतो म्हणजे बघत नव्हतो, झोपलो होतो.

ह्याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. तासाला ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर गंभीर, आणि श्वास निदान १० सेकंद थांबला तरच तो धरतात. सात तासांच्या झोपेत ३८ प्रमाणे हिशेब केला तर २६६ वेळा. दिवाणजी आहे, हिशेब आपोआप होतो.

मी त्याला विचारलं की हे ठीक आहे पण त्याचा आणि माझ्या सीआरपीचा काय संबंध. तो म्हणाला, काका तुमचं बालपण हरिपूरचं, पेव उघडताना बघितलंय ना? आता नवीन पोरांना पेव म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठारं माहीत नाहीत, २००५ च्या पुरात बरीच गेली, पण आम्ही लहानपणी बघितलेत, जमिनीखाली कित्येक फूट खोल, आत हळद वर्षानुवर्षं राहायची कारण आत हवाच नाही, किडा जगत नाही. पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरायचं नाही, तोंड उघडं ठेवून थांबायचं, कंदील सोडून बघायचा, विझला तर अजून थांबायचं. भाचा म्हणाला, तुम्ही रात्रीत अडीचशे वेळा पेवात उतरताय आणि अडीचशे वेळा कोणीतरी तुम्हाला बखोटीला धरून वर ओढतंय, मग शरीर शांत कसं राहील.

पुढचं त्यानं सांगितलं ते माझ्या भाषेत लिहितो, चुकलं तर डॉक्टर वाचकांनी दुरुस्त करावं. झोपेत घशाचे स्नायू ढिले पडतात, जीभ मागं जाते, नळी बंद. ऑक्सिजन उतरतो. मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, नळी उघडते, ऑक्सिजन एकदम वर जातो. ही जी उतरण-चढण आहे ती नुसत्या कमी ऑक्सिजनपेक्षा वाईट, कारण ऑक्सिजन परत धावत येतो तेव्हा पेशींत फ्री रॅडिकल तयार होतात आणि त्यानं एनएफ-कप्पा-बी नावाचं एक बटण दाबलं जातं. ते बटण दाबलं की पेशी टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६ असली रसायनं सोडतात. इंटरल्युकिन-६ रक्तातनं लिव्हरकडं जाऊन निरोप देतं आणि लिव्हर सीआरपी बनवायला लागतं. म्हणजे सीआरपी हा शेवटचा हमाल, पोतं त्याच्या पाठीवर दिसतंय म्हणून माल त्याचा नाही. ह्यातलं टीएनएफ-अल्फा स्वतःच झोप आणणारं आहे, त्यामुळं दिवसाच्या डुलकीत त्याचाही वाटा असू शकतो. आणि प्रत्येक दचक्याला ॲड्रेनलिन सुटतं, तिथं बीपी. बंद नळीविरुद्ध छाती ओढ काढते तेव्हा हृदयावर ताण येतो, ते पाणी बाहेर टाकायचा हार्मोन सोडतं, तिथं तीनदा लघवी. आणि मूत्रपिंडाला वाटतं ऑक्सिजन कमी पडतोय, ते एरिथ्रोपोएटिन सोडतं, त्यानं लाल पेशी वाढतात, तिथं माझं ते १७.६ हिमोग्लोबिन ज्याचं यार्डात कौतुक झालं. अर्थात ॲप्नियावाल्या सगळ्यांचंच हिमोग्लोबिन वाढतं असं नाही, बहुतेकांचं वाढलं तरी थोडंच वाढतं, माझ्यात तंबाखूचीही भर होती. ती सुटली आता, पण तो वेगळा विषय.

इथं एक गोष्ट मला सांगायचीच आहे कारण आपल्या लेखात ती उलटी आलीय. सीआरपी बघून कोणता आजार ते कळत नाही. १९३० साली अमेरिकेत न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात तो पहिल्यांदा सापडला आणि तेव्हापासून तो कशाकशात सापडला याची यादी संपत नाही, हिरड्या, सांधे, सर्दी-ताप, सिगारेट, पोटावरची चरबी. सीआरपी म्हणजे आपल्या सांगलीतल्या आयर्विन पुलावरची पुराचं पाणी मोजायची पट्टी. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, पाणी चढलंय एवढं पट्टी सांगते, पण ते कोयनेतनं सोडलेलं का वरच्या भागातल्या पावसाचं का अलमट्टी धरणाची फूग, ते पट्टीवर लिहिलेलं नसतं आणि त्यावरच तर आपण दर पावसाळ्यात भांडतो. सीआरपीतही तसंच, मिलीग्रॅम पर लिटरमध्ये १ च्या खाली हृदयाला धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त, आणि १० च्या वर गेला तर बहुतेक वेळा ताजं काहीतरी चाललेलं असतं, ते बरं झाल्यावर परत तपासायचा. ह्यापलीकडं त्याला विचारू नका. ॲप्निया आहे का नाही हे सांगणारी रक्ताची टेस्ट आज तरी दवाखान्यात नाही, त्याला रात्रीचीच टेस्ट लागते.

आता मशीन. सीपॅप म्हणतात. नाकावर मास्क, नळी, आणि खोलीतलीच हवा दाबानं आत जाते त्यामुळं घशाची नळी मिटत नाही. ते ऑक्सिजनचं मशीन नव्हे, व्हेंटिलेटर तर नव्हेच, हे लिहायचं कारण शेजारच्या काकू मी शेवटच्या घटका मोजतोय असं समजून डबा घेऊन आल्या होत्या. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन नावाच्या डॉक्टरनं १९८१ साली हे पहिल्यांदा छापून आणलं, सुरुवातीची मशिनं व्हॅक्युम क्लीनरच्या मोटारीवर चालायची म्हणे. माझं पन्नास हजाराच्या आतबाहेर पडलं. पहिला आठवडा नरक, मास्क काढून फेकायचो. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस सकाळी सहाला जाग आली आणि कळेना की काहीतरी वेगळं काय वाटतंय, मग लक्षात आलं रात्री एकदाही उठलो नाही. आमची मंडळी त्या रात्री जागीच होती, सवयीनं मोजत बसलेली, मोजायला काही नव्हतं.

तीन महिन्यांनी बीपी १३२ वर आलं, हिमोग्लोबिन १६.१, पट्ट्या बरोबर. आणि सीआरपी? ५.४. मी भाच्यावर चिडलो, एवढं सगळं तोंडाला बांधून झोपतोय आणि हा हलत नाही. तो हसला आणि म्हणाला मला हेच वाटलं होतं. २०१४ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला, ॲप्निया आणि लठ्ठपणा दोन्ही असलेल्या लोकांचे तीन गट केले, एका गटाला नुसतं मशीन, एकाला नुसतं वजन कमी करणं, एकाला दोन्ही, २४ आठवडे. ज्या गटांत वजन उतरवलं तिथं सीआरपी उतरला, नुसत्या मशीननं उतरला नाही. कारण पोटावरची चरबी हीसुद्धा इंटरल्युकिन-६ बनवते, चोवीस तास, मशीन लावा नाहीतर नका लावू. ॲप्निया आणि चरबी बहुतेक माणसांत जोडीनंच राहतात त्यामुळं कोणाचा किती वाटा हे वेगळं काढणं अवघड, सारख्या वजनाच्या लोकांची तुलना केली तर फरक बराच कमी होतो, काही अभ्यासांत तरीही दिसतो काहींत नाही. एवढं मोकळेपणानं सांगणारा डॉक्टर मिळाला हे माझं नशीब.

त्यानं आणखी एक सांगितलं ते मशीन विकणारे सांगत नाहीत. आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या २७१७ ॲप्नियावाल्यांवर सात देशांत मिळून, त्यात भारतही होता, एक मोठा अभ्यास झाला, २०१६ ला छापून आला. मशीननं घोरणं, दिवसाची झोप, मूड सुधारला पण हार्ट ॲटॅक-स्ट्रोक कमी झाले नाहीत. लोकांनी मशीन सरासरी रात्रीला ३.३ तासच वापरलं होतं हेही खरं, त्यावर अजून वाद आहे. मग मी मशीन का लावतो? दुभाजकाला परत घासायचं नाही म्हणून लावतो. त्याला सीआरपीच्या दाखल्याची गरज नाही.

वजनाचं थोडक्यात, संध्याकाळची यार्डातली भजी बंद, रात्रीचं जेवण आठच्या आत, सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत चालत. सहा महिन्यांत ९४ चे ८६ झाले. या फेब्रुवारीत सीआरपी २.७. हळद आता फक्त आमटीत.

तर संपादकसाहेब, गणपती तोंडावर आलेत. प्रत्येक मंडळ आरोग्य शिबिर घेणार, बीपी, शुगर, कुठं कुठं आता सीआरपीही, बॅनरवर तेच फोटो. माझं म्हणणं एवढंच की रक्त काढायच्या आधी आठ प्रश्न विचारा, त्याला स्टॉप-बँग म्हणतात आणि फुकट आहे. बंद दाराबाहेर ऐकू जाईल एवढं घोरता का, दिवसा थकलेले असता का, झोपेत श्वास थांबल्याचं कोणी बघितलंय का, बीपी आहे का, बीएमआय ३५ च्या वर आहे का, वय पन्नाशीच्या पुढं आहे का, गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर आहे का, आणि पुरुष आहात का. तीन हो आले तर धोका मध्यम, पाच आले तर जास्त, छातीच्या नाहीतर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं जायचं. तिसरा प्रश्न मात्र त्या माणसाला विचारू नका, त्याच्या बायकोला विचारा, म्हणून शिबिराला जोडीनं बोलवा. बायकांनाही हा आजार होतो, पाळी गेल्यावर जास्तच, पण आपल्याकडं बाई घोरते हे बाई कबूल करत नाही आणि नवरा तिच्या आधी झोपलेला असतो. आणि ड्रायव्हर लोकांना तर आवर्जून बोलवा, आमच्या यार्डात रात्रभर गाडी मारून येणारे कितीतरी जण आहेत, पोती उतरेपर्यंत केबिनमध्ये घोरत पडतात, मधेच आवाज बंद होतो. आता मीही उभा राहून मोजतो. दोघांना मिरजेला पाठवलंय, एक गेला, एक म्हणाला सीझन संपू द्या.

आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या पोरांशी बोलणं झालंय, ते यंदा शिबिराच्या टेबलावर प्रश्नांचे कागद ठेवणार आहेत. टेप कोपऱ्यावरचा टेलर देतोय, फक्त त्याच्या टेपवर सेंटिमीटरची बाजू पुसली गेलीय, तर ४० सेंटिमीटर म्हणजे पावणेसोळा इंच, तेवढं छापा.

आपला,
एक वाचक, मार्केट यार्ड, सांगली